गाडीखालचं केंद्र

बाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत बटणं असायची, आणि त्या जिना उतरायला लागल्या की दुसऱ्या मजल्यापासून खाली पार्किंगपर्यंत खुळखुळ येत राहायची. त्या आवाजावर सोसायटीतली मुलं चपला शोधायची. मुलं त्यांना बटणवाल्या बाई म्हणायची, पुढे आम्ही मोठी माणसंही म्हणायला लागलो. त्यांना ते ठाऊक होतं. "माझ्या आधी माझ्या वडलांना बटणवाले म्हणायचे," त्या सांगायच्या, "दुकान भावाला मिळालं, नाव मला." मंडईजवळच्या एका बोळात त्यांच्या माहेरचं शिवणकामाच्या सामानाचं दुकान होतं. बटणं, अस्तर, चेन, लेस असं सगळं. रंग उडालेली, जोड हरवलेली, न खपणारी बटणं भाऊ बहिणीला देऊन टाकायचा, आणि बाई ती विश्रांतवाडीला आणून त्यांचे अणू करायच्या.

बाई सरकारी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यावर आमच्या सोसायटीतल्या बी बिल्डिंगमध्ये एकट्याच राहायच्या. आठवी ते दहावीची जी मुलं येतील त्यांना शिकवायच्या. फीचा विषय कुणी काढलाच तर म्हणायच्या, "पेन्शन मिळते मला. तुम्ही मुलं वेळेवर पाठवा, तेवढं पुरे."

मी हडपसरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्याने केलेला भाग मापात बसतो की नाही हे सांगणं माझं काम. माझी मुलगी सई तेव्हा आठवीत होती आणि विज्ञानाचं पुस्तक उघडलं की तिच्या पोटात दुखायचं. हे अलंकारिक नाही, आम्ही तिला डॉक्टरांनाही दाखवून आणलं होतं. शेवटी बायको म्हणाली, बटणवाल्या बाईंना विचारून बघा. दारावर 'अत्तार' अशी पाटी होती. बाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं, सईला नाव विचारलं, आणि दोन-चार वाक्यं झाल्यावर मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, "बाई, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमचंही बरं आहे," त्या म्हणाल्या.

मी हसलो. मंडईत जन्मलेल्या आणि उभी हयात पुण्यातल्या शाळेत गेलेल्या बाईला मी हे सांगत होतो. आपण काय बोललो हे कळायला मला फार उशीर लागला. तसा उशीर मला बहुतेक गोष्टींत लागतो.

बाईंचं रसायनशास्त्र जमिनीवर चालायचं. सतरंजी पसरायची, मधोमध खडूने बाण काढायचा. काळं बटण कार्बन, लाल ऑक्सिजन, शर्टाचं बारीक पांढरं हायड्रोजन. लोखंडासाठी जुन्या गणवेशांची पितळी बटणं होती. सी बिल्डिंगमधल्या ओमने पहिल्याच दिवशी हरकत घेतली. "बाई, पितळ म्हणजे लोखंड नाही."

"आणि लाल प्लॅस्टिक म्हणजे प्राणवायू आहे होय?" बाई म्हणाल्या. "मग घे बघू एक श्वास."

ऑक्सिजन नेहमी जोडीने राहतो म्हणून लाल बटणं दोन-दोन दोऱ्यात ओवलेली असायची. पांढरीही तशीच. बाणाच्या डावीकडच्या जुड्या सोडायच्या आणि त्याच बटणांतून उजवीकडच्या जुड्या बांधायच्या. एकही बटण सुटं उरता कामा नये. कमी पडलं तर अख्खी जुडी घ्यायची, अर्धी मिळणार नाही. "अर्धी जोडी माझ्या भावाकडे मागून बघ," बाई म्हणायच्या, "काय ऐकवतो ते मला येऊन सांग."

सईने पहिल्या दिवशी पाणी करायला घेतलं. हायड्रोजनची एक जुडी, ऑक्सिजनची एक जुडी. पण पाण्याला लाल बटण एकच लागतं. एक लाल उरलं. सईने इकडेतिकडे पाहिलं आणि ते उरलेलं लालही गुपचूप पाण्याच्या दोऱ्यात ओवून टाकलं. दोन्ही बाजूंना सारखी बटणं. जुळलं. मी सईला सोडायला गेलो होतो, म्हणून दारातच उभा होतो.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"काय केलंस?"

"पाणी."

"पी मग."

सईला काही कळेना. बाईंनी ती जुडी उचलून तिच्यासमोर धरली. "एक लाल जास्त आहे. हे पाणी नाही, बाळा. खरचटल्यावर लावतात ना, फेस येतो, ते आहे हे. पाहुण्याने पाणी मागितलं आणि तू औषधाची बाटली पुढे केलीस." मुलं हसली, सईसुद्धा हसली. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "जुळवायचं म्हणून वस्तूच बदलायची नाही. वस्तू आहे तीच राहू दे. कुठे काय कमी पडतंय ते बघ."

सईने थोडा विचार केला आणि पांढऱ्या बटणांची आणखी एक जुडी मागितली. दोन पाणी झाली. त्या दिवसानंतर तिचं पोट दुखलं नाही.

शिकवताना बटण हरवायचंच. "बाई, एक लाल गेलं," कुणीतरी ओरडायचं. बाईंचं ठरलेलं उत्तर असायचं, "गेलं म्हणजे कुठे गेलं? काही नाहीसं होत नसतं. कुणाच्या तरी पायाखाली असेल. उठा सगळे." सगळी उठायची, पाय उचलून बघायची. सापडायचं. ज्याच्या पायाखाली सापडायचं त्याला बाई रागवायच्या नाहीत. "तुला कळलं नसेल," एवढंच म्हणायच्या.

भूमितीला मात्र त्यांना सतरंजी पुरायची नाही. "वहीतल्या त्रिकोणावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणायच्या, "तो पेन्सिलीचं ऐकतो. मोठा काढा. पाय दुखले की समजेल." म्हणून रविवारी सकाळी वर्ग खाली पार्किंगमध्ये भरायचा. आमच्या सोसायटीत ए, बी, सी अशा तीन बिल्डिंगा आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत गाड्या लागतात. सुताचा लांब दोर, खडूचे तुकडे आणि मुलं एवढ्यावर बाई तिथे भूमिती करायच्या. त्यासाठी मधल्या रांगेतल्या गाड्या थोडा वेळ बाहेर रस्त्यावर लावाव्या लागायच्या. दर शनिवारी संध्याकाळी बाई स्वतः प्रत्येकाच्या दारात येऊन सांगायच्या, "उद्या आठ ते दहा गाडी जरा बाहेर घ्याल का? मुलांना जागा लागते."

"बाई, कशाला जिने चढता? ग्रुपवर टाका की," मी एकदा म्हणालो.

"ग्रुपवर अंगठा मिळतो," बाई म्हणाल्या. "मला गाडी हलायला हवी असते."

त्या काळात आमच्याकडे कचऱ्याच्या डब्यावरून भांडण चाललं होतं. डबा ए बिल्डिंगजवळ ठेवला की ए वाले ओरडायचे, सी जवळ ठेवला की सी वाले. बाईंनी ते भांडण मुलांना गणित म्हणून दिलं. तिन्ही बिल्डिंगांच्या दारांपासून सारख्याच अंतरावर असेल अशी जागा शोधा, म्हणजे वास सगळ्यांना सारखा येईल. मुलांनी ए आणि बी च्या दारांमध्ये दोर ताणला. दोन्ही टोकांना एकेक जण उभा राहिला आणि सारख्याच लांबीच्या दोराने खडूचे कंस काढले. कंस जिथे एकमेकांना छेदत होते ते दोन बिंदू जोडले की एक सरळ रेघ निघाली, ए आणि बी दोघांपासून कायम सारख्या अंतरावरून जाणारी. तशीच बी आणि सी मधली. दोन रेघा जिथे भेटल्या तिथे ओमने पाय ठेवला. बाईंनी दोराचं एक टोक त्याच्या पायाशी धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन सई चालत निघाली. दोर ए च्या दाराला लागला, बी च्या लागला आणि सी च्याही लागला. गॅलरीतून बघणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग ओम ओरडला, "कचऱ्याचा डबा सईच्या बाबांच्या पार्किंगमध्ये!"

सगळी सोसायटी हसली. मी हसलो, पण पूर्ण नाही. ती जागा माझी होती. गाडी नवीन होती. मी कंपनीच्या बसने कामावर जातो, त्यामुळे गाडी आठवडाभर कव्हर घालून उभी असायची, पण ती तिथे उभी आहे ह्याचंच मला सुख होतं. डबा काही तिथे आला नाही, पण बाईंच्या मुलांना तो बिंदू फार आवडला. त्याला ती नुसतं 'केंद्र' म्हणायची. पुढच्या प्रत्येक रविवारी काहीही काढायचं असलं तरी सुरुवात केंद्रापासून व्हायची.

मग एका रविवारी बाहेर लावलेल्या माझ्या गाडीचा आरसा एका टेम्पोने उडवला. त्यात बाईंचा दोष नव्हता. मीच गाडी वळणावर लावली होती. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "बस झालं हे. कुणाच्या खेळासाठी मी माझ्या वस्तूचं नुकसान का करून घेऊ?" सई जेवत होती. ती ताटावरून उठली नाही, पण पुढे जेवलीही नाही.

पुढच्या शनिवारी बाई दारात आल्या. "सईचे बाबा, उद्या..."

"बाई, गाडी नाही निघणार. रस्त्यावर नुकसान होतं."

"कळलं मला आरशाचं. वाईट झालं. उद्या आपण तिला गेटच्या आत, झाडाखाली लावू. मी उभी राहते तिथे."

"तसं नाही. ती माझ्या हक्काची जागा आहे."

"जागा तुमचीच आहे," बाई म्हणाल्या. "तिच्यात मुलांचा फक्त एक बिंदू आहे."

बाई "बरं" म्हणून शेजारच्या दाराकडे गेल्या. गेटच्या आत झाडाखाली चांगली सावली होती. गाडी तिथे सुखरूप राहिली असती हे मला तेव्हाही दिसत होतं. मी माझा हिशेब जुळवायला वस्तूच बदलली. 'मला काढायची नाही' ह्याचं 'माझा हक्क आहे' केलं, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या असं स्वतःला सांगितलं.

त्या रविवारी मी गॅलरीत चहा घेत उभा होतो. खाली बाकीच्या गाड्या निघाल्या होत्या. मोकळ्या जागेत माझी एकटीच उभी होती, पांढरी, धुतलेली. मुलं बाईंभोवती गोळा झाली होती.

"बाई, आता केंद्र कसं शोधायचं?"

"केंद्र आहे तिथेच आहे," बाई म्हणाल्या. "गाडीखाली गेलं म्हणून नाहीसं होत नाही. फक्त तिथे उभं राहता येत नाही. मग आता काय काय करता येईल, सांगा."

बाईंनी माझ्या गाडीचाही धडा केला. मुलांनी गाडीच्या दोन्ही बाजूंनी रेघा काढल्या, दोर बॉनेटवरून नेला, टपावरून नेला, आणि रेघा कुठे भेटतील ह्याचे अंदाज लावले. मग एक मुलगी खडू घेऊन पोटावर झोपली आणि गाडीखाली सरपटत गेली. तिचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. पायांतल्या चपला मी ओळखल्या.

"सई! बाहेर ये आधी!" मी वरून ओरडलो.

सई बाहेर आली. कुर्त्याला ऑइल लागलेलं, कोपर काळं. तिने वर माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोचरं ऐकवतील. मला ते चाललं असतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण बाई म्हणाल्या, "कुर्ता मी धुऊन देते, सईचे बाबा." त्यात टोमणा नव्हता. मी आत गेलो.

ह्यानंतर जे झालं ते मी केलं नाही असं म्हणता येईल. मी तसं बरेच दिवस म्हणत होतो. सोसायटीत ठराव झाला नाही, कुणी बाईंविरुद्ध बोललं नाही, कुणी त्यांना थांबवलं नाही. पुढच्या आठवड्यात बी बिल्डिंगमधले जोशी मला जिन्यात भेटले. "तुम्ही काढत नाही म्हणे गाडी?"

"नाही."

"मग आमची काय रस्त्यावर जन्मलीय का?"

त्यावर मी चार शब्द बोलू शकलो असतो. जोश्यांचा मुलगाही बाईंकडे जायचा. मी म्हणालो, "ज्याची त्याची मर्जी." जोश्यांची गाडी जागीच राहिली. मग त्यांच्या शेजारची. प्रत्येकाकडे कारण होतं, आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी माझं नाव होतं. ते काढत नाहीत तर आम्हीच का? बाई शनिवारी जिने चढत राहिल्या. लोक दार उघडून हसून नाही म्हणायचे, काही जण आत बोलावून चहा पाजून नाही म्हणायचे.

त्रिकोण लहान होत गेला. तिन्ही दारांपर्यंत जाणारा दोर आधी दोन रांगांमध्ये मावला, मग गेटजवळच्या पट्टीत, मग पंपाच्या खोलीशेजारी. बाईंनी दोर कापला नाही. दुमडून वापरला. मग आणखी दुमडला. एकदा कामावरून येताना मी पाहिलं, पंपाच्या खोलीच्या ओट्यावर चार मुलं बसली होती आणि बाई त्यांना वहीत त्रिकोणाचं परिवर्तुळ काढून दाखवत होत्या. वहीतल्या त्रिकोणावर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्या बाई. मी मान खाली घालून जिना चढलो.

सईची दहावी झाली तेव्हा बाईंकडे फारशी मुलं उरली नव्हती. मोठी मुलं क्लासला गेली, लहान मुलांना रविवारचं आकर्षण उरलं नाही. बाईंनी भावाकडे, मंडईत राहायला जायचं ठरवलं. जायच्या दिवशी सामानाचा टेम्पो गेटपाशी थांबला. तो बी बिल्डिंगच्या दारापर्यंत यायचा तर माझी गाडी आडवी येत होती. बाईंनी मला सांगितलं नाही. सई, ओम आणि बाईंचा भाऊ एकेक खोकं हाताने उचलून माझ्या गाडीला वळसा घालून गेटपर्यंत नेत होते. मला ते उशिरा दिसलं. मी किल्ली घेऊन धावत खाली आलो.

"बाई, थांबा, काढतो गाडी."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "झालंच आहे आता." त्यांच्या खांद्यावर ती पिशवी होती. त्यांनी सईच्या गालाला हात लावला आणि त्या टेम्पोत पुढे बसल्या. टेम्पो वळेपर्यंत बटणांची खुळखुळ ऐकू येत होती. मी हातात किल्ली घेऊन उभा होतो.

सईला दहावीत विज्ञानात आणि गणितात चांगले गुण मिळाले. ती त्याच दिवशी बसने मंडईत जाऊन बाईंना सांगून आली. मला सोबत चल म्हणाली नाही. मी निघालो तोवर आणखी बरेच महिने लोटले होते. पेढ्यांचा बॉक्स घेतला, काय बोलायचं ते मनात जुळवलं. 'बाई, माझं चुकलं.' एवढंच वाक्य होतं, पण मी ते विश्रांतवाडीपासून म्हणत म्हणत गेलो. त्या बोळात गाडी लावायला जागा नव्हती. एका बंद शटरसमोर लावली आणि दुकानावरच्या माळ्यावर चढलो.

बाई वाळल्या होत्या. आवाज तोच होता. लेसच्या खोक्यांमध्ये चार-पाच मुलं दाटीवाटीने बसली होती, समोर बटणं मांडलेली. लोखंडाला गंज चढवण्याचं काम चाललं होतं. भिंतीवरच्या खिळ्याला तो सुताचा दोर गुंडाळून टांगलेला होता. तिथे तो हातभरसुद्धा ताणता आला नसता.

"या, सईचे बाबा!" बाईंना खरोखर आनंद झाला. त्यांनी एक खोकं सरकवून मला बसायला जागा केली. मी बसलो, पेढे पुढे केले, घसा साफ केला. तेवढ्यात बाईंनी काळजीने विचारलं, "गाडी कुठे लावलीत?"

मंडईत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विचारतात तोच प्रश्न. "इथे उचलून नेतात हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, मला खात्री आहे. पण माझ्या तोंडातलं वाक्य तिथेच थिजलं. आणि मी म्हणालो, "बसने आलो."

का म्हणालो, आजही सांगता येत नाही. बाईंसमोर त्या गाडीचं नाव काढायची हिंमत झाली नाही, एवढंच असेल. बाईंनी मान हलवली आणि मुलांकडे वळल्या. तेवढ्यात खालून आवाज आला.

"ओ, ही पांढरी गाडी कोणाची? काढा लवकर! टेम्पो अडकलाय!"

मी ऐकू न आल्यासारखा पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा सोडत बसलो. खालचा हॉर्न थांबेना. "शिकलेले लोक दिसतात," कुणीतरी म्हणालं, "'नो पार्किंग' वाचूनच लावलीय!"

बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. दोरा सोडताना गाडीची किल्ली माझ्या बोटातच अडकलेली होती. त्या हसू लागल्या. मोकळं, मुलीसारखं हसू. मुलंही हसायला लागली. "जा," बाई म्हणाल्या, "हलवा जा. लोकांना जागा लागते."

मी उतरलो. गाडी काढली. टेम्पोवाल्याने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मग जागा शोधत मंडईला फेऱ्या मारत राहिलो. एका बोळातून दुसऱ्या बोळात, पुन्हा त्याच चौकात. कुठेही जागा मिळाली नाही. मिळाली असती तर मी परत वर गेलो असतो का, हेही मला नक्की सांगता येत नाही. घरी आलो.

"भेटलास बाईंना?" सईने विचारलं.

"भेटलो."

"बोललास?"

"गाडी काढायला लागली मध्येच."

"म्हणजे निघते तर," ती म्हणाली आणि आत गेली. बोलण्याची ही रीत ती बाईंकडूनच शिकली असावी.

पुन्हा जाईन म्हणत होतो. पाऊस सरू दे, दिवाळी होऊ दे, ऑडिट संपू दे. आमच्या खात्यात कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं. एका दुपारी बाईंच्या भावाचा सईला फोन आला. बाईंच्या छातीत कळ आली होती, दवाखान्यात पोचेपर्यंतच सगळं झालं होतं. मी कामावरून तसाच गेलो, ह्या वेळी खरोखरच बसने. बाईंच्या शाळेतले जुने विद्यार्थी बोळात मावत नव्हते. मी मागे उभा राहिलो. पुढे जायचा मला काय अधिकार होता? भावाने पिशवी मंडईतल्या त्या मुलांकडेच राहू दिली. दोर सईला दिला. "बाजी म्हणाली होती, तुमच्याकडे जागा आहे," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाजी म्हणायचा.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी गाडी काढून झाडाखाली लावली. कुणी सांगितलं नव्हतं. चहा घेऊन गॅलरीत येतो तर माझ्या जागेवर सी बिल्डिंगमधल्या नव्या भाडेकरूची गाडी! मी खाली जाऊन विचारलं तर तो म्हणाला, "काका, रिकामी दिसली म्हणून लावली. तुम्हाला हवी होती?"

म्हणून आता मी रविवारी आठ वाजता गाडी काढतो आणि त्या रिकाम्या चौकोनात स्वतःच उभा राहतो. वर्तमानपत्र घेऊन. लोक विचारतात, कुणाची वाट बघताय? जोशी एकदा म्हणाले, "बायकोने बाहेर काढलं काय?" मी हसून वेळ मारून नेतो. जमिनीवर गाडीखालचा ऑइलचा डाग आहे. सईने कधीकाळी तिथे खडूने केलेली खूण अर्थातच राहिलेली नाही. मी अंदाजाने उभा राहतो.

गेल्या रविवारी ऊन वर आलं तरी मी तसाच उभा होतो. ए बिल्डिंगमधली दोन-तीन लहान मुलं बॉल घेऊन आली आणि हा माणूस इथे का उभा आहे अशा नजरेने बघत थांबली. वरून दार उघडल्याचा आवाज आला. सई गॅलरीत आली होती. कठड्यावर हात ठेवून ती बराच वेळ खाली बघत होती. तिच्या खांद्यावर दोराची गुंडाळी होती.

"बाबा," तिने वरून हाक मारली, "केंद्र तिथे नाहीये. डावीकडे सरक."

मी सरकलो.